हिमावरचा पाक आणि बर्फावरचा दगड

परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसापुढे पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न उभे राहतात. खायचे काय, आणि सुटीच्या दिवशी करायचे काय? पुष्कळांची उत्तरे ठरलेली असतात. भारतीय दुकान शोधून डाळ, तांदूळ आणि मसाला आणायचा, आणि रविवारी आपल्याच मंडळींत बसून पत्ते कुटायचे. यात गैर काही नाही. घरच्या वरणभाताची जागा दुसरे कोणतेही अन्न घेऊ शकत नाही, हे प्रस्तुत लेखकालाही मान्य आहे. पण एवढ्यावरच थांबले, तर ज्या देशात आपण राहतो त्याची ओळख खिडकीच्या काचेपलीकडेच राहते.

कोणताही प्रदेश घ्या. तिथले लोक काय खातात आणि काय खेळतात, हे बरेचसे तिथल्या हवेने, मातीने, झाडांनी आणि दगडांनी ठरवलेले असते. आपल्याकडे ऊस आहे म्हणून गुऱ्हाळ आहे. अंगणात माती आहे म्हणून गोट्या आणि विटीदांडू आहे. मग ज्या देशात वर्षातले चार-पाच महिने तापमान शून्याखाली असते, तिथे काय असेल? २०१८-१९ चा हिवाळा मला कॅनडाची राजधानी ओटावा येथे काढावा लागला. तिथे चाखलेला एक पदार्थ आणि खेळलेला एक खेळ यांची ही हकिगत आहे. दोन्ही थंडीतून जन्मलेले आहेत, आणि दोन्हींमध्ये तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली निदान चार प्रकरणे दडलेली आहेत.

सुरुवातीला शब्दांचा एक खुलासा करू. आकाशातून पडणारा भुसभुशीत, कापसासारखा बर्फ म्हणजे ‘हिम’, आणि पाणी गोठून झालेला कठीण, पारदर्शक तो ‘बर्फ’. पदार्थ हिमावरचा आहे, खेळ बर्फावरचा.

साखर देणारे झाड

कॅनडाच्या ध्वजावर एक लाल पान तुम्ही पाहिले असेल. १५ फेब्रुवारी १९६५ पासून हा ध्वज अधिकृतपणे वापरात आहे. ते पान मेपल नावाच्या वृक्षाचे. या वृक्षाच्या अनेक जाती आहेत. त्यांतील ‘शर्करा मेपल’ ही जात पूर्व कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात विपुल आढळते. उन्हाळ्यात हे झाड पानांमध्ये साखर तयार करते आणि ती पिष्टाच्या रूपाने खोडात व मुळांत साठवून ठेवते. हिवाळा सरत आला, की त्या पिष्टाची पुन्हा साखर होते व ती खोडातील पाण्यात विरघळते. खोडाला सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचे आणि चार-पाच सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात नळी बसवली, की हा गोडसर रस थेंबथेंब ठिबकू लागतो. चवीला तो जवळजवळ पाण्यासारखाच लागतो, कारण त्यात साखर अवघी दोन-तीन टक्के असते.

आता मौज अशी, की हा रस वाटेल तेव्हा गळत नाही. रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे हेलकावे सुरू झाले तरच गळतो. असे का? मेपलच्या लाकडातील तंतूंच्या पोकळ्यांत पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री थंडीने हा वायू आकसतो, आतल्या बाजूला बर्फ जमू लागतो, आणि त्यामुळे मुळांकडून वर पाणी खेचले जाते. जमणाऱ्या बर्फात वायू कोंडला जाऊन दाबला जातो. सकाळी ऊन पडले की बर्फ वितळतो, दाबलेला वायू प्रसरण पावतो आणि रसाला बाहेर रेटतो. खोडातील दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त होतो, म्हणून भोकातून रस गळतो. म्हणजे ते झाड हा जणू एक पंपच आहे, आणि त्याचा दांडा रात्र व दिवस वरखाली करतात. रात्री गोठेनाशा झाल्या, किंवा कळ्या फुटू लागल्या, की हंगाम संपला. मार्च-एप्रिलमधील फार तर पाच-सहा आठवड्यांचा हा खेळ असतो.

ही युक्ती युरोपातून आलेल्या लोकांनी शोधलेली नाही. पंचमहासरोवरे आणि सेंट लॉरेन्स नदी यांच्या परिसरातील मूळ रहिवासी त्यांच्या आधीपासून मेपलची साखर करीत आले आहेत. नवागतांनी ती विद्या त्यांच्याकडून घेतली. आज जगातील मेपल पाकापैकी सुमारे ७० टक्के पाक एकट्या क्वेबेक प्रांतात तयार होतो. ओटावातून नदीचा पूल ओलांडला की हा प्रांत सुरू होतो.

चव्वेचाळीस किलोंचे गणित

रस आटवून दाट केला, की मेपलचा पाक होतो. तयार पाकात साखर सुमारे ६६ टक्के असते. एक लिटर पाकाला किती रस लागेल? गणित सोपे आहे. एक लिटर पाकाचे वजन साधारण १.३३ किलो. त्याच्या ६६ टक्के, म्हणजे ०.८८ किलो साखर. रसात साखर २ टक्के धरली, तर ०.८८ किलो साखरेसाठी ४४ किलो रस हवा. शेतकरी ढोबळमानाने ‘चाळीसाला एक’ म्हणतात ते याच हिशेबाने. एका भोकातून साऱ्या हंगामात साधारण एवढाच रस मिळतो. म्हणजे एका भोकाची वर्षाची कमाई एक लिटर पाक!

राहिलेल्या साडेबेचाळीस किलोंहून अधिक पाण्याचे काय? त्याची वाफ करायची. पाण्याचा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा किलोला सुमारे २,२६० किलोज्यूल. म्हणजे नुसते पाणी घालवायला सुमारे ९६,००० किलोज्यूल उष्णता हवी. एवढी उष्णता घरच्या सिलिंडरमधील दोन किलोंहून अधिक गॅस जाळून मिळेल, आणि तीही एक कणभर वाया न घालवता. पूर्वी यासाठी जंगलातील लाकडाचे ढीग जळत. आता बरेच उत्पादक आधी व्यस्त परासरणाने बरेचसे पाणी काढून टाकतात आणि मगच रस चुलीवर चढवतात. आपल्याकडे घरोघरी पाणी शुद्ध करण्यासाठी जी यंत्रे आहेत, त्यांतही हेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की आपण पलीकडे गेलेले शुद्ध पाणी ठेवतो, ते लोक अलीकडे राहिलेला गोड रस ठेवतात.

आपल्या गुऱ्हाळाशी तुलना करून पाहा. उसाच्या रसात साखर सुमारे १८ टक्के धरली, तर एक किलो साखरेला साडेपाच किलो रस पुरतो. मेपलला मात्र ५० किलो लागतो. दोन्ही रसांतील मुख्य साखर एकच, सुक्रोज. ऊस ही निसर्गाने आपल्याला दिलेली केवढी मोठी सवलत आहे, हे मला कोल्हापुरात कधी जाणवले नव्हते. ते क्वेबेकच्या जंगलात, वाफेने भरलेल्या लाकडी खोपीत उभे राहिल्यावर जाणवले. त्या खोपीला तिथे ‘साखरेची झोपडी’ म्हणतात. आत पत्र्याची लांबट, सपाट कढई, खाली जाळ, वर धुरांड्यातून जाणारी पांढरी वाफ, आणि नाकात तोच ओळखीचा काकवीचा वास.

पाक तयार झाला हे कसे ओळखायचे? आपला गुळव्या चाटूवरून पडणारी धार पाहतो. इथे तापमापक वापरतात. पाण्यात साखर विरघळली की त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. साखरेचे प्रमाण ६६ टक्के झाले, की मिश्रण शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस अधिक तापमानाला उकळते. म्हणून समुद्रसपाटीला १०४ अंशांवर पाक तयार. पण हुशार माणूस १०४ हा आकडा पाठ करीत नाही. तो त्या दिवशी साधे पाणी किती अंशाला उकळते ते आधी पाहतो आणि त्यात ४ मिळवतो, कारण हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदूही बदलतो. हाच पाक महाबळेश्वरला करायचा ठरवला, तर तिथे पाणी सुमारे साडेपंचाण्णव अंशांनाच उकळते. म्हणून तिथे पाक १०० अंशांच्या आतच तयार होईल.

गोळीबंद पाक, पण हिमावर

आता त्या पदार्थाकडे येऊ. पाक आणखी आटवून सुमारे ११२ ते ११५ अंशांपर्यंत नेतात. बाहेर लाकडी चौकटीत स्वच्छ हिम दाबून भरलेले असते. त्यावर हा उकळता पाक पट्ट्यापट्ट्यांनी ओततात. काही सेकंद थांबायचे आणि आइसक्रीमच्या काडीसारखी काडी घेऊन तो पाक तिच्याभोवती गुंडाळायचा. तोंडात घातला की आधी गार, मग चिवट, मग गोड. फ्रेंच भाषक याला ‘तीर’ म्हणतात. ‘ओढणे’ या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदावरून हे नाव आले आहे. लहान मुले एक संपण्यापूर्वी दुसरा ओतायला सांगतात, आणि मोठ्यांचेही काही वेगळे नसते.

तुमच्या आईला किंवा आजीला विचारा. लाडवांचा पाक पाहताना त्या वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब टाकतात आणि बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतात. तोच गोळीबंद पाक! ११२ ते ११५ हे अंश त्याचेच आहेत. कॅनडातल्या माणसाने वाटीतल्या पाण्याच्या जागी अंगणातले हिम वापरले एवढेच.

पण पाक हिमावर पडल्यावर त्याची दाणेदार साखर का होत नाही? एवढ्या दाट द्रावणात, ते गार झाल्यावर, पाण्याला पेलवेल त्याहून कितीतरी जास्त साखर असते. म्हणजे ते अतिसंपृक्त होते. जास्तीच्या साखरेने खरे तर स्फटिक होऊन बाहेर पडायला हवे. पण स्फटिक व्हायला रेणूंनी हलूनडुलून ओळीत उभे राहायला हवे, आणि त्याला वेळ लागतो. हिमावर पाक इतक्या झपाट्याने थंड होतो, आणि त्याची श्यानता इतकी वाढते, की रेणू जिथे असतील तिथेच अडकतात. वर्गात गडबड चालू असताना एकदम मुख्याध्यापक दारात यावेत, तसे. म्हणून तीर चिवट आणि पारदर्शक राहतो. हाच पाक सावकाश थंड होऊ देऊन घोटत राहिले, तर बारीक स्फटिक बनून मेपलची दाणेदार साखर मिळते. गुऱ्हाळात वाफ्यात ओतलेला गूळ घोटतात तो याचसाठी.

चूं-चूं करणारे चीज

साखरेच्या झोपडीत जेवणही मिळते. आपल्या मंडळींसाठी एक सूचना आवश्यक आहे. तिथल्या वाटाण्याच्या सूपमध्ये आणि उकडलेल्या घेवड्यात पुष्कळदा डुकराचे मांस घातलेले असते. नुसत्या नावावरून ते कळत नाही. जे आपल्याला चालत नाही ते नम्रपणे विचारून घ्यावे. विचारल्याचा राग कुणाला येत नाही, आणि सांगणारा आनंदाने चार गोष्टी जास्तच सांगतो. नवे अन्न चाखणे म्हणजे डोळे मिटून गिळणे नव्हे.

मला तिथे आवडलेली दुसरी वस्तू म्हणजे ताज्या चीजचे तुकडे. क्वेबेकमध्ये ‘पूटीन’ नावाचा पदार्थ आहे. त्यात तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर हे तुकडे घालून वर गरम, दाट रस्सा ओततात. हा रस्साही बहुधा मांसाहारी असतो. पण हे तुकडे नुसते खाल्ले तर एक गंमत होते. चावताना दातांतून चूं-चूं असा आवाज येतो, जणू कुणी ओले बोट काचेवर घासत आहे. ताज्या चीजमध्ये दुधातील केसीन या प्रथिनाचे धागे कॅल्शियमने एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. हे लवचिक जाळे दाताला धरते, ताणले जाते, सुटते, पुन्हा धरते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडले, की त्याचा आवाज होतो. एक-दोन दिवसांत चीजमधील आम्लामुळे कॅल्शियमची बंधने सैल होतात आणि आवाज थांबतो. म्हणून तिथले लोक ताजेपणाची परीक्षा कानांनी करतात.

धरणे आणि सुटणे, पुन्हा धरणे आणि पुन्हा सुटणे! घर्षणाची ही रीत लक्षात ठेवा. पुढच्या खेळात ती पुन्हा भेटणार आहे.

बर्फावरचा दगड

या खेळाचे नाव कर्लिंग. तो मूळचा स्कॉटलंडचा. तिथल्या पेझली गावातील १५४१ सालच्या एका नोंदीत बर्फावर दगड सरकवण्याच्या स्पर्धेचा उल्लेख आहे. स्कॉटिश लोकांबरोबर तो कॅनडात आला, आणि १८०७ साली माँट्रियलमध्ये त्याचा क्लब निघाला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो १९२४ साली खेळला गेला, आणि १९९८ च्या नागानो स्पर्धेपासून तो पदकांचा खेळ म्हणून कायम झाला आहे.

खेळ समजायला सोपा आहे. कॅरम आणि गोट्या यांचे मोठे भावंडच समजा. बर्फाची पट्टी सुमारे ४५ मीटर लांब आणि ५ मीटरपर्यंत रुंद. तिच्या टोकाला एकात एक वर्तुळे काढलेली असतात. सर्वांत बाहेरच्याचा व्यास ३.६६ मीटर. याला ‘घर’ म्हणतात. दोन संघ, प्रत्येकी चार खेळाडू, आणि प्रत्येकाला दोन दगड. असे सोळा दगड पाळीपाळीने सरकवायचे. सर्व संपल्यावर ज्या संघाचा दगड घराच्या मध्याला सर्वांत जवळ, त्याला गुण. प्रतिपक्षाचा दगड टोला देऊन उडवता येतो, किंवा आपल्या दगडापुढे दुसरा दगड उभा करून त्याचे रक्षणही करता येते.

दगड साधा नसतो. त्याचे वजन १७ ते २० किलोंच्या दरम्यान असते आणि वर धरायला मूठ बसवलेली असते. उत्तम दगडाचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरून येतो. हे बेट म्हणजे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला खडक. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने दोघे जवळजवळ समवयस्क. एल्सा क्रेगच्या ‘ब्लू होन’ या जातीचे वैशिष्ट्य असे, की तो पाणी जवळजवळ शोषतच नाही. एरवी खडकाच्या बारीक छिद्रांत पाणी शिरते, गोठताना प्रसरण पावते आणि खडक फुटतो. ब्लू होन फुटत नाही, म्हणून बर्फाला टेकणारा भाग त्याचा करतात. धक्के सोसणारे अंग त्याच बेटावरच्या दुसऱ्या ग्रॅनाइटचे असते.

दगडाचा तळ सपाट नसतो, बशीसारखा खोलगट असतो. बर्फाला टेकते ती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंदीची एक कडी. बर्फही आरशासारखा गुळगुळीत नसतो. खेळापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून पुरळासारखे उंचवटे तयार होतात, आणि दगड त्यांच्या माथ्यांवरून जातो.

आता घर्षण किती कमी आहे ते पाहू. चांगल्या बर्फावर सोडलेला दगड सुमारे २८ मीटर अंतर २५ सेकंदांत कापून घराच्या मध्यावर थांबतो. ऋण त्वरण एकसमान मानले, तर त्याचे मूल्य अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागून मिळते: ५६ भागिले ६२५, म्हणजे सुमारे ०.०९ मीटर प्रति सेकंद वर्ग. याला गुरुत्वीय त्वरण ९.८ ने भागले की घर्षणांक येतो सुमारे ०.००९. लाकडावर सरकणाऱ्या लाकडाचा घर्षणांक ०.३ धरा. त्याच वेगाने सोडलेला लाकडी ठोकळा एक मीटरही जाणार नाही!

बर्फ निसरडा का?

दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू उतरतो, म्हणून दगडाच्या वजनाने बर्फ वितळतो आणि दगड पाण्यावरून घसरतो, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. ते ताडून पाहू. एक वातावरण दाब वाढला, तर बर्फाचा वितळणबिंदू अवघा ०.००७ अंशाने उतरतो. १९ किलोंचा दगड कडीवर टेकला असता दाब एका वातावरणापेक्षाही कमी भरतो. उंचवट्यांमुळे प्रत्यक्ष टेकणारे क्षेत्रफळ शंभरपटीने कमी आहे असे मानले, तरी वितळणबिंदू अर्ध्या-पाऊण अंशापलीकडे उतरत नाही. आणि खेळाचा बर्फ असतो उणे ५ अंशांच्या आसपास. म्हणजे नुसत्या दाबाने काम भागत नाही.

मग? मायकेल फॅरडे यांनी १८५० सालीच सुचवले होते, की बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही एक पातळ, द्रवासारखा थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने शेजारी नसतात, त्यामुळे ते सैल असतात. या थराला घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेची जोड मिळते. १९३९ साली बोडन आणि ह्यूज यांनी घर्षणजन्य उष्णतेचे महत्त्व प्रयोगाने दाखवले. या विषयावरील संशोधन अजून चालूच आहे.

दगड उलटा का वळतो?

कर्लिंग म्हणजे वळणे. दगड सोडताना मुठीला हलकी फिरकी देतात. दगड सावकाश स्वतःभोवती फिरत जातो, साऱ्या प्रवासात अवघे दोन-चार फेरे घेतो, आणि शेवटी शेवटी एका बाजूला मीटर-सव्वा मीटर वळतो. त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या दगडाला वळसा घालून मागे लपता येते. सारा खेळ या वळण्यावर उभा आहे.

आता स्टीलचा पेला फरशीवर पालथा घालून, त्याला वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरकी देऊन पुढे सरकवा. तो डावीकडे वळेल. कारण उघड आहे. सरकताना पेल्याचा भार पुढच्या कडेवर जास्त येतो. ती कड फिरकीमुळे उजवीकडे जात असते, म्हणून तिच्यावरचे घर्षण डावीकडे असते. मागच्या कडेवर हे उलट असते, पण तिथे भार कमी. म्हणून पुढच्या कडेचे म्हणणे चालते. कर्लिंगचा दगड मात्र त्याच फिरकीने उजवीकडे वळतो, पेल्याच्या बरोबर उलट!

हे कोडे जुने आहे. कॅनडातील सास्काचेवान येथील ई. एल. हॅरिंग्टन यांनी १९२४ साली दगडाच्या गतीचे मोजमाप करून निबंध लिहिला होता. पुढे एक कल्पना अशी मांडली गेली, की पुढच्या कडेखाली बर्फ अधिक वितळतो व तिथले घर्षण कमी होते, म्हणून मागच्या कडेचे चालते. पण मग फिरकी बदलली की वळणही बरेच बदलायला हवे. प्रत्यक्षात ते फारसे बदलत नाही. २०१३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की दगडाची खरखरीत कडी बर्फावर बारीक ओरखडे काढते आणि मागची कड त्या तिरप्या ओरखड्यांच्या वाटेने जाऊ पाहते. कॅनडातील शेगेल्स्की आणि लोझोवस्की यांनी २०१६ साली दुसरी कल्पना मांडली. दगड क्षणभर एखाद्या उंचवट्याला धरतो, त्याभोवती किंचित गिरकी घेतो, सुटतो आणि पुन्हा धरतो. आठवले का ते चीज? २०२२ साली जपानच्या जिरो मुराता यांनी चित्रीकरणाने अतिसूक्ष्म मोजमाप केले. दगडाची एक बाजू बर्फाच्या मानाने हळू आणि दुसरी जलद जात असते. वेग कमी तिथे घर्षण जास्त, म्हणून दगड हळू बाजूला खेचला जातो, असा त्यांचा निष्कर्ष. सर्वांना मान्य असे अखेरचे उत्तर अजून ठरलेले नाही. शाळेतल्या मुलांना खेळता येणाऱ्या खेळाचे कोडे शंभर वर्षांनीही पुरते सुटू नये, ही मला या खेळातली सर्वांत आवडलेली गोष्ट.

दगडापुढे दोन खेळाडू जोरजोराने झाडू मारीत धावतात, तेही या घर्षणासाठीच. झाडूने बर्फ किंचित तापतो, घर्षण घटते, आणि दगड दोन-तीन मीटर पुढे व अधिक सरळ जातो. पण शास्त्र खेळाच्या पुढे गेले, की पंचाईत होते. २०१५-१६ च्या हंगामात झाडूला नव्या प्रकारचे खरखरीत कापड लावून दगडाला हवे तसे वळवता येऊ लागले. नेम साधण्याच्या कौशल्याला अर्थच उरेना. खेळाडूंनीच तक्रार केली. २०१६ च्या मे महिन्यात ओंटारियोतील केम्प्टव्हिल येथे शास्त्रज्ञ व खेळाडू यांनी एकत्र येऊन प्रयोग केले, आणि मग सर्वांसाठी एकाच प्रतीचे कापड ठरवण्यात आले.

ओटावातील एका क्लबात नवशिक्यांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ असे. तिथे मी हा खेळ शिकलो. खेळापूर्वी दोन्ही संघ एकमेकांशी हस्तांदोलन करतात. क्लबातल्या सामन्याला पंच नसतो. चुकून कुणाचा पाय किंवा झाडू चालत्या दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्यानेच ते सांगायचे. आणि सामना संपल्यावर जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना काहीतरी प्यायला द्यायचे. मी कॉफी घेत असे. त्या टेबलावर मला जितकी माणसे भेटली, तितकी सबंध हिवाळ्यात दुसरीकडे भेटली नाहीत.

थंडी कमी झाली तर

पदार्थ आणि खेळ दोन्ही थंडीवर उभे आहेत. मग थंडीच हटू लागली तर? स्कॉटलंडमध्ये गोठलेल्या सरोवरावर कर्लिंगचा एक प्रचंड सामना भरत असे. त्यासाठी बर्फ पुरेसा जाड हवा. असा शेवटचा सामना फेब्रुवारी १९७९ मध्ये मेंटीथ सरोवरावर झाला. पुढची चार दशके उलटली तरी दुसरा होऊ शकला नाही. ओटावात रिडो कालव्याचा ७.८ किलोमीटर लांबीचा भाग हिवाळ्यात गोठतो आणि लोक त्यावरून घसरत कामावर जातात. बर्फ सुमारे ३० सेंटिमीटर जाड झाला तरच तो उघडतात. १९७०-७१ पासून दर हिवाळ्यात उघडणारा हा मार्ग २०२२-२३ मध्ये प्रथमच एक दिवसही उघडला नाही. २०२१ साली वसंत लवकर तापल्याने क्वेबेकमधील मेपल पाकाचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि राखीव साठ्यातून पाक बाजारात आणावा लागला.

एका वर्षावरून हवामानाचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. २०२५ च्या हिवाळ्यात तोच कालवा पुन्हा बरेच आठवडे उघडा होता. पण दशकांच्या नोंदी एका दिशेने जात आहेत. कर्लिंग आज शीतयंत्रांच्या आधाराने छपराखाली टिकून आहे. मेपलच्या जंगलाला मात्र छप्पर घालता येत नाही. त्याचा पंप रात्रीच्या गोठण्यावरच चालतो. तापमान सरासरीने एक-दोन अंशांनी वाढते असे आपण वाचतो, तेव्हा आकडा लहान वाटतो. पण शून्याच्या एका बाजूला बर्फ असतो आणि दुसऱ्या बाजूला पाणी. त्या सीमारेषेवर जगणाऱ्या झाडाला आणि माणसांना एक-दोन अंश पुष्कळ असतात.

करून पाहा

(१) शिक्षकांच्या किंवा मोठ्यांच्या देखरेखीखाली १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर घालून ती पूर्ण विरघळवा आणि उकळी आणा. प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतच्या तापमापकाने उत्कलनबिंदू मोजा. त्याआधी साध्या पाण्याचाही मोजा. फरक सुमारे ४ अंश येतो का? उकळता पाक अंगावर उडाल्यास उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, हे विसरू नका.

(२) पालथा पेला, वाटी, बांगडी आणि कॅरमचा स्ट्रायकर यांना एकाच दिशेची फिरकी देऊन सरकवा. कोण कुठे वळते, किती वळते, याचा तक्ता करा. फिरकी वाढवली तर काय होते?

(३) कॅरमच्या कडेला समांतर स्ट्रायकर असा सोडा, की तो कडेला न आपटता मध्येच थांबेल. अंतर आणि वेळ मोजून वरच्या रीतीने घर्षणांक काढा. एकदा पावडर न टाकता, एकदा टाकून. वेळ फार थोडा असल्याने मोबाइलवर चित्रीकरण करून मोजणे बरे.

तुमच्यापैकी अनेकजण पुढे शिक्षणासाठी दूरच्या देशांत जातील. बाकीचे परराज्यांत, निदान परजिल्ह्यांत तरी जातीलच. तिथे ताटात अनोळखी पदार्थ आला किंवा मैदानावर अनोळखी खेळ दिसला, तर ‘हे आपल्याकडे नसते’ असे म्हणून मान फिरवू नका. ‘हे इथेच का?’ असे आधी स्वतःला विचारा, आणि मग शेजारच्या माणसाला विचारा. तो उत्तर सांगता सांगता तुम्हाला बसायला जागा करून देईल.